रिकामं करायलाही पोतं लागतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘कॉम्प्युटर हँग झाला’ हे वाक्य आता आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय, की बँकेत, तहसीलमध्ये किंवा रेल्वेच्या खिडकीवर कुणी ते उच्चारलं की आपण मुकाट्यानं बाकावर जाऊन बसतो. पावसात वीज जायचीच, तसंच हे, असं आपण धरून चाललोय. मी गेली बरीच वर्षं संगणकाच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहिण्याच्या धंद्यात आहे. हँग होण्यामागे कारणं असतात, आणि त्यातलं एक मोठं चमत्कारिक कारण मला पुण्याच्या ऑफिसात नव्हे, तर माझ्या गावाकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या कट्ट्यांशेजारी बसून नीट कळलं. आज त्याच्याचबद्दल बोलायचं आहे.

२००९ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी सुटीवर गावी आलो होतो. अर्जुनी मोरगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. नवेगावबांधचा तलाव, इटियाडोहचं धरण, आणि नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. डिसेंबरात मळणी आटोपत आलेली असते आणि आधारभूत खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या रांगेनं उभ्या असतात. अशाच एका केंद्रावरून एका संध्याकाळी आमच्या घरी निरोप आला, की कॉम्प्युटर अडकला आहे, तुमचा मुलगा पुण्याला तेच काम करतो म्हणतात, जरा पाठवा.

जाऊन पाहिलं. मशीन बंद नव्हतं. पडद्यावरचा बाण माऊसबरोबर हलत होता, पण कुठेही टिचकी मारली तरी काही होत नव्हतं. बाहेर आभाळ भरून आलेलं, उघड्यावर धान पडलेलं, लोक ओरडत होते. ग्रेडर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटांत सगळं सुरळीत. मला चहा मिळाला.

चहा संपायच्या आत लक्षात आलं, की शेवटच्या ४ शेतकऱ्यांच्या नोंदी नाहीत. तिघं तिथंच होते, त्यांचा माल अजून काट्याजवळ होता. त्यांचं पुन्हा मोजता आलं. चौथे एक वयस्कर बाबाजी. त्यांचे ३२ कट्टे, म्हणजे जवळजवळ १३ क्विंटल धान, मोजून थेट गोदामात गेलेलं आणि थप्पीला लागलेलं. थप्पीतून आपलं धान ओळखून काढणार कसं? पावती नोंद झाल्यावर छापायची, त्यामुळे हातात कागदही नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “बाबू, धान तं आत गेला. मंग माहा नाव कोठी गेला?”

त्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मला येत होतं. संगणकात आपण जे टाइप करतो ते लगेच डिस्कवर, म्हणजे कायमच्या जागेवर, जात नाही. आधी ते मेमरीत राहतं. मेमरी वेगवान असते, पण वीज गेली की कोरी होते. डिस्क हळू असते, पण टिकते. म्हणून संगणक नोंदी मेमरीत साठवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. लिनक्स या प्रणालीत ही सवड साधारण ३० सेकंदांची असते. बाबाजींचं नाव मेमरीत होतं, डिस्कवर उतरायचं होतं, आणि मी बटण दाबलं.

हे उत्तर त्यांना देण्यात काही अर्थ नव्हता. आणि ते अपुरंही होतं. कारण मशीन मी येण्याआधी तासभर अडकलेलं होतं. ३० सेकंदांत उतरायची नोंद तासाभरात का उतरली नाही? मशीनवर एक लाल दिवा असतो, डिस्कचं काम चाललं की तो लुकलुकतो. तो अगदी विझलेला होता, हे मला नंतर आठवलं. मशीनला फार काम पडलं असतं तर दिवा सतत पेटता राहिला असता. इथे कुणीच काही करत नव्हतं. सगळे कशाची तरी वाट बघत होते.

आता ही वाट बघण्याची भानगड समजून घेऊ. त्यासाठी आपलं खरेदी केंद्रच घ्या. ‘गोदाम भरलं, बारदाना संपला, खरेदी थांबली’ ही बातमी आपल्या भागात कुणालाही नवी नाही. बारदाना म्हणजे रिकामी पोती. संगणकाची मेमरी हा त्याचा बारदाना. ती सारख्या मापाच्या तुकड्यांत विभागलेली असते. एक तुकडा बहुतेक मशीनवर ४ किलोबाइटचा. त्या केंद्रावरच्या मशीनची मेमरी होती २५६ मेगाबाइट, म्हणजे हिशेबानं ६५ हजार पोती. आत येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती नोंद असो, चित्र असो की खुद्द संगणकाचं स्वतःचं कामकाज, कुठल्या ना कुठल्या पोत्यातच राहते. पोत्याबाहेर जागाच नाही.

या पोत्यांचा हिशेब ठेवणारा एक कोठीवाला असतो; त्याला मेमरी मॅनेजर म्हणतात. दुसरा माणूस हमालांचा मुकादम. डिस्कवर कुठली नोंद कुठे ठेवायची, ती कुठून काढायची, हे त्यालाच ठाऊक. हा मुकादम म्हणजे फाइल सिस्टिम. रोजचं काम सोपं असतं. कुणी पोतं मागितलं, कोठीवाला देतो. पोती कमी पडू लागली की तो मुकादमाला सांगतो, अमुक पोती डिस्कवर रिती कर. मुकादम रिती करतो, पोती परत येतात, चक्र फिरत राहतं.

गोम इथे आहे, की मुकादमालाही काम करायला पोती लागतात. धान ओतायचं कुठल्या कोपऱ्यात, याची टिपणं त्याला करायची असतात, जागेचा नकाशा उघडून समोर धरायचा असतो. ही टिपणं हवेत लिहिता येत नाहीत, तीही मेमरीतच. आता समजा, एकही पोतं शिल्लक नाही. कोठीवाला म्हणतो, मुकादमा, पोती रिकामी करून आण. मुकादम म्हणतो, आणतो, पण त्यासाठी मला आधी दोन पोती दे. कोठीवाला म्हणतो, तू आणलीस की देतो. झालं. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, दोघांनीही नियम मोडलेला नाही, आणि दोघेही युगानुयुगं तसेच उभे राहतील. याला डेडलॉक म्हणतात; आपण कोंडी म्हणू.

कोंडी हा प्रकार जुना आहे. आमच्या गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावर वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. एकेरी रूळ, दोन स्टेशनांच्या मध्ये दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर प्रत्येक गाडी दुसरीनं रूळ सोडायची वाट बघणार. म्हणून समोरचं स्टेशन ‘लाइन मोकळी’ म्हणेपर्यंत इकडची गाडी सुटत नाही. संगणकवाल्यांनीही हे लवकर ओळखलं होतं. १९७१ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कोंडी होण्यासाठी लागणाऱ्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच वापरता यावी. हातातली न सोडता दुसरी मागता यावी. कुणाच्या हातून ती हिसकावता येऊ नये. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण व्हावं. चारही अटी जुळल्या तरच कोंडी होते. त्यातली एक जरी मोडली, तरी सुटका. मेमरीच्या कोंडीत मात्र एक वेगळा चकवा आहे. ‘मला थोडी मेमरी दे’ ही मागणी इतकी साधी दिसते, की तिच्यात वाट बघणं दडलंय असं लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही.

मग सगळेच संगणक रोज का अडकत नाहीत? कारण कोठीवाला काही पोती बाजूला ठेवून असतो. आपल्याकडे घरात खायला कमी पडलं तरी बियाण्याच्या धानाला हात लावत नाहीत, तसं. या राखीव पोत्यांवर हक्क फक्त त्याचा, ज्याला पोती रिकामी करण्याच्या कामावर पाठवलंय. त्याला काम पुरतं करता यावं, एवढीच ती व्यवस्था. डिस्कशी बोलणारा जो थर असतो, त्याच्याजवळही अशीच स्वतःची छोटी राखीव पोतडी असते. एक काम संपलं की तिच्यातलं पोतं परत तिच्यातच येतं, दुसऱ्याला देत नाहीत. व्यवस्था चांगली आहे. तरीही त्या केंद्रावरचं मशीन अडकलं होतं, आणि तीन दिवसांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा अडकलं.

या वेळी मी बटण दाबलं नाही. लिनक्समध्ये कळफलकावरच्या काही कळा एकत्र दाबल्या, की आत कोण कुठे अडकलंय याची यादी पडद्यावर येते. ती मी तिथल्याच पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतली. रात्री घरी कंदिलाशेजारी वाचत बसलो (वीज नव्हतीच, हे सांगायला नको), तेव्हा उलगडा झाला.

नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर मुळात दोन संगणकांसाठी बांधलेलं होतं. एकावर टाइप करायचं, दुसऱ्याच्या डिस्कवर नेटवर्कमधून साठवायचं. त्यासाठी एनएफएस नावाची पद्धत वापरली होती. ती १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीनं आणलेली. केंद्रावर दुसरा संगणक आलाच नाही. मग बसवणाऱ्यानं शक्कल लढवली, की एकच मशीन दोन्ही भूमिका करील. स्वतःच पाठवणारा, स्वतःच घेणारा. एरवी ते बिनतक्रार चालायचं. पण संध्याकाळी सहाला दिवसभराच्या नोंदींचा बॅकअप त्याच रस्त्यानं जाऊ लागला, की मेमरीतली पोती भराभर भरायची.

आता बघा काय होतं. कोठीवाला पाठवणाऱ्याला म्हणतो, पोती रिकामी कर. पाठवणारा माल घेणाऱ्याकडे ढकलतो आणि पोच यायची वाट बघतो. घेणाऱ्याला माल उतरवून घ्यायला पोतं हवं, म्हणून तो त्याच कोठीवाल्याच्या दारात येतो. राखीव पोती आहेत. पण कोठीवाल्याला हा घेणारा कोण ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो साधं गिऱ्हाईक. ‘थांब,’ तो म्हणतो, ‘पोती रिकामी होऊन येताहेत.’ ती पोती रिकामी होणं ज्याच्यावर अवलंबून आहे, त्यालाच त्यानं रांगेत उभं केलेलं असतं.

दोन वेगळी मशीन असती, तर दोघांचे कोठीवाले वेगळे असते आणि वर्तुळ पूर्ण झालं नसतं. मेमरी दुप्पट केली असती तर? कोंडी उशिरा झाली असती, एवढंच. गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. दुसरा रूळ पडला की समोरासमोरचा प्रश्न मुळातूनच मिटतो. मेमरीचं तसं नाही. ती कितीही टाका, भरायला काहीतरी येतंच.

दुसऱ्या दिवशी मी एका फाइलमधली एक ओळ बदलली. मशीननं स्वतःशीच नेटवर्कमधून बोलायचं सोडून सरळ आपल्या डिस्कवर लिहायला सुरुवात केली. त्या हंगामात मशीन पुन्हा अडकलं नाही. माझं काम ओळ बदलण्यापुरतं. मूळ दुखण्यावर लिनक्समध्ये नील ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यानं २०१४ मध्ये चांगलं काम केलं.

पण या दुखण्याचा याहून जवळचा आणि जास्त आढळणारा एक भाऊ आहे. फाइल सिस्टिम लिहिणारे त्यालाच खरे घाबरतात. डिस्कवरच्या नोंदींत दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून मुकादम काम करताना गोदामाला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. काम अर्ध्यावर असताना त्याला एक पोतं लागलं. तो कोठीवाल्याकडे गेला. आता कोठीवाल्याची एक सवय आहे: पोती कमी असली, की जो मागायला येतो त्यालाच तो रिकामं करायच्या कामाला लावतो. तो म्हणाला, पोतं हवं ना? मग जा, अमुक गोदामातली चार रिकामी करून ये. मुकादम त्या गोदामापाशी गेला. कुलूप! किल्लीवाला येईल म्हणून दाराशी बसून राहिला. किल्ली त्याच्याच खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण जणू याच्यासाठीच केली असावी. माणूस निदान खिसा चाचपून बघेल. संगणकातलं कुलूप ‘किल्ली कुणाकडे आहे’ एवढंच बघतं, ‘मागणारा तोच आहे का’ हे विचारत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो मागणाऱ्यानंच करायचा असतो. पोतं मागतानाच सांगायचं, की बाबा रे, मी गोदामाच्या कामातून आलोय; पोती शोधायची तर दुसरीकडे शोध, मला गोदामाकडे पाठवू नकोस. लिनक्समध्ये या सांगण्याला ‘नो-एफएस’ म्हणतात, म्हणजे फाइल सिस्टिमकडे फिरकायचं नाही. त्याहून कडक ‘नो-आयओ’; त्यात डिस्कचं कुठलंच काम नव्यानं सुरू करायचं नाही. डिस्कच्या अगदी जवळच्या थरानं मागताना हे दुसरं सांगायचं.

मग सगळ्यांनीच नेहमी ‘नो-एफएस’ म्हणून मागावं, म्हणजे कटकटच मिटली? कित्येकांनी तसंच केलं. भीतीपोटी जिथे तिथे ‘नो-एफएस’. त्याचा परिणाम उलटा होतो. जो येईल तो म्हणतो, मला गोदामाकडे पाठवू नकोस. मग कोठीवाल्यानं पोती रिकामी करून घ्यायची कुणाकडून? त्याचे हात बांधले जातात आणि तुटवडा वाढतो. काही वर्षांनी कोड वाचणाऱ्यालाही कळत नाही, की हे इथे खरंच लागतं की कुणी तरी घाबरून लिहून ठेवलंय. मी स्वतः असे शेकडो ‘नो-एफएस’ वाचलेत, दोन-चार लिहिलेही असतील.

दुसरी अडचण निरोप्याची. मुकादम स्वतः कोठीवाल्याकडे जात नाही. तो पोऱ्याला पाठवतो, पोऱ्या दुसऱ्याला. मूळची अट तिसऱ्यापर्यंत पोचतेच असं नाही, आणि तिसरा बिनधास्त साधं पोतं मागतो. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत यावर शहाणपणाचा तोडगा आला. मिखाल होको या अभियंत्याच्या पुढाकारानं आलेली ही पद्धत अशी: दर मागणीवर अट लिहायची नाही. कुलूप लावतानाच मुकादमाच्या दंडाला एक फडकं बांधायचं आणि कुलूप उघडलं की सोडायचं. फडकं असेपर्यंत त्याच्या नावानं कुणीही, कितव्याही हातानं पोतं मागू दे, कोठीवाला समजून घेतो. एक्सएफएस नावाच्या फाइल सिस्टिमनं अशी खूण स्वतःपुरती आधीपासून वापरली होती. तीच सर्वांसाठी खुली झाली. मला यातलं आवडतं ते हे, की फडकं कधी बांधलं यावरून कारणही दिसतं: इथे कुलूप आहे, म्हणून.

तरी चूक राहतेच, आणि ही चूक तपासणीत सापडत नाही. पोती भरपूर असताना कोठीवाला कुणालाच कामाला लावत नाही, सगळं गोड चालतं. लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये मेमरी चिक्कार असते. कोंडी होते ती दूरच्या केंद्रावर, जुन्या मशीनवर, गर्दीच्या संध्याकाळी. म्हणून २००६ पासून लिनक्समध्ये एक पहारेकरी आहे, लॉकडेप नावाचा. कोण कुठली किल्ली हातात असताना काय मागतो, हे तो टिपून ठेवतो आणि वर्तुळ जुळण्याची नुसती शक्यता दिसली तरी ओरडतो. प्रत्यक्ष कोंडी व्हायची वाट बघत नाही. त्यानं मशीन मंदावतं, म्हणून ते विकासकांच्या मशीनवर चालवतात, केंद्रावरच्या नव्हे.

राहिले बाबाजींचे ३२ कट्टे. मी त्या पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं नसतं, तर ते नाव वाचलं असतं का? नाही. कोंडी आपोआप सुटत नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तरी दिवा विझलेलाच राहिला असता. पण हे मला तीन दिवसांनी कळलं. तोवर मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

हिशेब मिळाला तो गोदामाच्या भिंतीवर. हमालांची मजुरी कट्ट्यावर ठरलेली, म्हणून ते प्रत्येक ट्रॉलीमागे कोळशानं रेघा ओढून ठेवत; चार उभ्या, पाचवी आडवी. त्या संध्याकाळच्या रेघांत बाबाजींच्या आधीची आणि नंतरची ट्रॉली ग्रेडरच्या वहीशी जुळत होती. मधल्या रेघा भरल्या बरोब्बर ३२. ग्रेडर समंजस माणूस. त्यानं हमालांना बोलावून खात्री केली आणि नोंद पुन्हा घेतली. मी पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, “बाबाजी, आलं बघा तुमचं नाव.” त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. छापलेली पावती हातात घेतली, दोनदा घडी घातली आणि टोपी काढून तिच्या आत ठेवली.